काँक्रीट ओतलं कुणी, तेही लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला वास्तुकलेच्या प्रदर्शनांकडे सामान्य माणूस फिरकत नाही हा लेख वाचला. दोनदा वाचला, एकदा चहाबरोबर आणि एकदा डोकं तापल्यावर. लेखक जाणकार आहेत त्यात वाद नाही, पण "आपल्याकडे ती नजरच तयार झालेली नाही" असं जे लिहिलंय ना, त्यावरून राहवेना म्हणून हे पत्र. मी गेल्या हिवाळ्यात नजर असलेला एक माणूस घेऊन गेले होते, त्याचं काय झालं ते ऐका.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, आता चौऱ्याहत्तरचे आहेत. सगळी हयात सेंट्रिंगच्या कामात गेली, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचे साचे आणि टेकू उभे करायचे ते काम, आधी हाताखाली, मग स्वतःची चार माणसं घेऊन. दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काँक्रीटच्या इमारतींचे फोटो आणि मॉडेल्स लागलीत असं कळलं, म्हटलं चला, एवढं वर्षभर टीव्हीसमोर बसून असतात, हे त्यांचंच प्रदर्शन आहे. डोंबिवलीवरून दीड तास, त्यात सीएसएमटीहून चालत.

आत गेल्यावर माहितीचे बोर्ड सगळे इंग्रजी, तेही असं इंग्रजी की मी बँकेत पंचवीस वर्षं काढून मला कळेना, "स्पेशियल" काहीतरी आणि "मटीरियालिटी". मी सांगत होते जमेल तसं. पण अण्णांना बोर्ड लागतच नव्हते हो. कांचनजंगा या उंच इमारतीच्या फोटोसमोर म्हणाले, ही पेडर रोडवरची ना, बसमधून बघायचो आम्ही, मधला लिफ्टचा गाळा आधी वर नेला होता म्हणायचे आणि मग बाकीचं. मी बोर्ड वाचला तर आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, 1983, बत्तीस घरं, दोन-दोन मजले उंच गच्च्या, सगळं होतं आणि गाळा आधी वर नेल्याचं नव्हतं. घरी येऊन शोधलं तर अण्णांचं बरोबर निघालं.

मग दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा तो प्रदर्शनांचा हॉल, हॉल ऑफ नेशन्स, भिंती-छत सगळं जाळीचं. राज रेवाल आर्किटेक्ट, महेंद्र राज इंजिनिअर, 1972. लोखंडाची जाळी परवडेना म्हणून तीच जाळी काँक्रीटमधे जागेवर ओतली, हे मी वाचून दाखवलं आणि अण्णा जे थांबले ते थांबलेच. दहा मिनिटं. मला म्हणाले, अगं सगळं तिरपं आहे, एकेका सांध्याला आठ-नऊ दांड्या येतायत, प्रत्येक दांडीला वेगळी पेटी, आतून तेल, खालून टेकू, आणि काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर घालणार कुठून? हे लावलं कुणी? मी बोर्ड परत वाचला. आर्किटेक्ट, इंजिनिअर, फोटोग्राफर, फोटो कुणाच्या संग्रहातला, अहो कागद कुठल्या जातीचा ते सुद्धा लिहिलेलं. लावलं कुणी, ते नाही.

(तो हॉल एप्रिल 2017 मधे रातोरात पाडला हे तुमच्या वाचकांना आठवत असेलच. नंतर 2022 ला न्यूयॉर्कच्या मोमा या संग्रहालयामधे दक्षिण आशियाच्या वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन झालं त्यात तो होता. आपण पाडायचं, त्यांनी मांडायचं, छान वाटणी आहे.)

पुढच्या एका फोटोत भिंतीवर फळ्यांचे वळ उमटलेले, लाकडाची गाठ सुद्धा दिसत होती. अण्णा बोट जवळ नेऊन मला दाखवत होते की इथं फळी फुगलीय बघ, हात लावला नव्हता, तरी गार्ड "काका, लाईनच्या मागे". बरं. तिथली एक मुलगी मात्र गोड हसत आली, सर तुम्ही आर्किटेक्ट का? अण्णा म्हणाले, नाही, सेंट्रिंगवाला. "ओह नाइस" म्हणाली आणि गेली दुसऱ्या घोळक्याकडे. नाइस!

तोवर त्यांचे गुडघे बोलायला लागलेले. अख्ख्या हॉलमधे बाक नाही. कोपऱ्यात एक लाकडी स्टूल दिसलं म्हणून टेकले, तर तोच गार्ड धावत. ते एक्झिबिट होतं! बसायच्या वस्तूवर माणूस बसला म्हणून चारचौघांत ओरडा खायचा, तो त्या वयात. येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर दोनदा म्हटलं चला म्हणून, तर म्हणाले तू जा, मला काय कळतंय त्यातलं.

आता सांगा, नजर कुणाची तयार व्हायचीय?

आणि काम कुणी केलं हे विचारायची पद्धतच नाही असंही नाही हं. जुलै 2023 ला पणजीत कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला, तेव्हा दुसऱ्या मिनिटाला सगळे विचारत होते काम कुणाचं, काम कुणाचं. आमच्या घरी "आज स्लॅब पडला" म्हणजे भरून झाला, अण्णा पेढे घेऊन यायचे. उभा राहिलेल्या स्लॅबचं काम कुणाचं, हे मी तरी कुठल्या बोर्डवर वाचलेलं नाही. एक ओळ लागते त्याला. नावं मिळत नसतील तर ठेकेदाराचं टाका, मजूर कुठून आले ते टाका, मराठीत टाका. आणि एक बाक ठेवा, ज्यावर बसता येतं असा.

जाता जाता तुमच्याबद्दल. शनिवारी आतल्या पानावर प्रदर्शनांची छोटी चौकट यायची, कुठे काय आणि किती वाजेपर्यंत, ती तुम्ही केव्हाच बंद केलीत. त्या जागी आता बिल्डरची जाहिरात असते. सामान्य माणसाला कळणार कुठून प्रदर्शन लागलंय ते? आम्हाला सुद्धा भाचीच्या फोनवरून कळलं. त्या लेखात याचाही उल्लेख आला असता तर बरं झालं असतं.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली पूर्व

ता.क. पत्र अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणतात फळी फुगली असं लिहू नको, लोक हसतील. फळी चांगली होती, टेकू ढिला राहिला म्हणून पाट बाहेर आला. तेवढं दुरुस्त करून छापा.