उजव्या हाताविषयी

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

रविवारी यवतमाळला वाचकांशी तुझ्या गप्पांचा जो कार्यक्रम झाला त्याला मी आलो होतो, हे तुला ठाऊक नाही. दारव्ह्याहून एसटी उशिरा सुटली, त्यामुळे शेवटच्या रांगेत खांबाआड जागा मिळाली आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून तुला न भेटताच निघालो. त्यावरून तुझी आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तू छान बोललास. रोज नवे व्यंगचित्र कसे सुचते, या प्रश्नाला भाजीच्या गाड्यावर आणि बँकेच्या रांगेत कान उघडे ठेवतो, एवढेच तू सांगितलेस. दुपारी चार कच्ची चित्रे काढायची, त्यांतली तीन संपादकांच्या टेबलावरच मरतात आणि उरलेले सातच्या आत पानावर जावे लागते, यावर सभागृह हसले. मला मात्र पोळा आठवला. तोरणाखाली आबाजी झडती, म्हणजे चिमटे काढणारे गाणे, म्हणत, तेव्हा ज्या सावकारावर ती रचलेली असे तोही गर्दीत उभा राहून हसत असे, आणि माझ्या खांद्यावर बसलेला तू अर्थ न कळताच टाळ्या वाजवत असस. तुझे व्यंगचित्र मला त्या झडतीच्या वंशातले वाटते. शेजारच्या गृहस्थांना हे सांगावे असे फार वाटले, पण मग मी कोण हेही सांगावे लागले असते.

नंतर त्या मुलीने विचारले, हल्ली रेषा जाड का झाली? पेन बदलले, असे तू म्हणालास आणि लोक पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला वळता आले नाही, कारण त्याआधी दोनदा तू पाण्याचा पेला डाव्या हाताने उचललेला मी पाहिला होता.

हाताविषयी काही लिहायचे नाही, असे ठरवूनच हा कागद घेतला होता.

आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता, हे तू रंगवून सांगितलेस. 1951 पासून त्यांचा ‘कॉमन मॅन’ लोकांना रोज कसा भेटत राहिला तेही सांगितलेस. 2003 मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू निकामी झाली, याचा उल्लेख तू केला नाहीस. मी मात्र खांबाआड बसून तेवढाच विचार करत होतो, की त्यांचा निदान उजवा हात तरी वाचला होता.

वखराच्या बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याला जू न घालता गोठ्यात ठेवतो, त्या दिवशी वाही अडली तरी चालते. तू रात्री अकराला जेवतोस, मान वाकवून त्या काचेच्या पाटीवर तासन् तास रेघोट्या ओढतोस आणि मुंग्या आल्या की हात झटकून पुन्हा बसतोस. सूनबाईने सांगितले नाही, तिच्यावर रागावू नकोस. ही मास्तरकी झाली. निवृत्त होऊनही जात नाही, क्षमा कर.

पण 2017 चे भादव्याचे दिवस तू विसरला नसशील. कपाशीची पऱ्हाटी डोक्यापर्यंत वाढली होती, कीटकनाशकाचा फवारा तोंडावर येत होता आणि आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे त्या विषबाधेने गेली. मी तीन दिवस पंप पाठीवर घेऊन फिरलो आणि घरी कोणाला काही बोललो नाही. तू दोन दिवसांसाठी आला होतास. मी बशीत चहा ओतला, बशी कपावर वाजली, आणि तू काही न विचारता शेजारची मोटारसायकल काढून मला दवाखान्यात नेलेस. वाटेत मी तुला थकवा आहे, झोप नाही, अशी कारणे सांगत होतो. पेन बदलले, हे उत्तर मला त्याच जातीचे वाटते.

त्यानंतर तू काढलेले ते बिनशब्दांचे चित्र मी ट्रंकेत ठेवले आहे. अलीकडची कात्रणे काल त्याच्याशेजारी मांडून पाहिली. एवढे करायला नको होते.

या आठवड्यात हाडांच्या नाहीतर नसांच्या डॉक्टरांना हात दाखव. ते काय म्हणाले हे फोनवर सांगू नकोस, कारण फोनवर तू चांगला हसवतोस. पोस्टकार्डावर पेनाने चार ओळी लिहून पाठव, उजव्या हाताने. मजकूर तुझी आई वाचेल. मला अक्षर पाहायचे आहे.

तुझा,
बाबा