देवळालीचं नाव घराघरांत नेणाऱ्या वेल्श नटासाठी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : देवळाली कॅम्पच्या इतिहासाचं कायमस्वरूपी दालन आणि त्यात विंडसर डेव्हिस यांची नोंद

महोदय,
सादर नमस्कार.

नाशिकला लागून असलेल्या आमच्या देवळालीचं नाव ब्रिटनमधल्या साठी ओलांडलेल्या अनेकांना चांगलं ठाऊक आहे. त्यांनी गाव पाहिलेलं नाही. ते घरी बसून टीव्हीवर ऐकलेलं आहे. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची विनोदी मालिका चालली. एकूण ५६ भाग. कथानक सुरू होतं ते १९४५ साली, देवळालीच्या तोफखाना छावणीत. नंतरच्या भागांत ते ब्रह्मदेशात सरकतं. सैनिकांच्या करमणुकीसाठी नाटकं-गाणी करणारी एक टोळी आणि तिच्यावर कायम खार खाऊन असलेला बॅटरीचा (म्हणजे तोफखान्याच्या तुकडीचा) सार्जंट मेजर विल्यम्स, एवढाच तिचा जीव. हा सार्जंट मेजर साकारला विंडसर डेव्हिस या वेल्श, म्हणजे ब्रिटनच्या वेल्स भागातल्या, नटाने. त्यांच्याविषयी आणि आमच्या गावाविषयी एक मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे.

आधी माणूस सांगतो, कारण तो सांगण्यासारखा आहे. डेव्हिस यांचा जन्म २८ ऑगस्ट १९३० चा, पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनचा. आईवडील वेल्श. युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये कुटुंब मूळ गावी, दक्षिण वेल्सच्या ऑगमोर खोऱ्यातल्या नांट-अ-मोएलला परतलं. कोळशाच्या खाणींवर जगणारं ते गाव. तरुणपणी डेव्हिस स्वतः खाणीत उतरले. मग सक्तीच्या लष्करी सेवेत लिबिया आणि इजिप्त पाहिलं. परत आल्यावर बँगोरला शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि शाळेत शिकवू लागले. हौशी नाटकांत कामं करता करता पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं, तेव्हा तिशी उलटली होती आणि घरी बायकामुलं होती. पगाराची नोकरी सोडून त्या वयात रंगभूमीवर जाणं काय असतं, हे नाटकवेड्या महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको.

पुढची दहा-बारा वर्षं छोट्या भूमिकांची. १९६७ मध्ये 'डॉक्टर हू' या विज्ञानकथांच्या मालिकेतल्या एका कथेत ते दिसतात, इतर मालिकांत कधी पोलीस, कधी शिपाईगडी. चरित्र अभिनेत्याचं आयुष्य असंच जातं : चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणाला आठवत नाही. डेव्हिस यांचं नाव लोकांच्या तोंडी बसलं ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि ते आमच्या देवळालीत. म्हणजे देवळालीच्या पडद्यावरच्या छावणीत. मालिकेचं चित्रीकरण इंग्लंडमध्येच झालं, इथे कुणी आलं नाही.

त्यांचं काम पाहताना मी दर वेळी आवाजापाशी अडकतो. छाती पुढे काढून, पिळदार मिशांसह विल्यम्स तोफखान्याच्या एखाद्या शिपायाच्या मागून येतो, चेहरा त्याच्या कानाला जवळजवळ टेकवतो आणि 'शटप' अशी आरोळी ठोकतो. शब्द एकच, पण तो पोटातून येतो आणि शेवटाला चिरका होत जातो. पुढच्याच क्षणी कुणाच्या दुःखावर तो मऊ, लाडिक सुरात खोटी हळहळ व्यक्त करतो. एका पोरावर मात्र, तो आपलाच मुलगा असावा अशा समजुतीने, त्याची माया ओसंडते. त्या पोराकडे पाहताना त्याची मानसुद्धा वेगळी वळते. दटावणी, खोटी कणव आणि खरी माया, हे तिन्ही त्यांनी खाणगावाच्या खोऱ्यातल्या आपल्या हेलात बोलून दाखवलं. १९७५ मध्ये त्यांनी सहकलाकार डॉन एस्टेल यांच्यासोबत 'व्हिस्परिंग ग्रास' हे गाणं केलं : बुटक्या एस्टेलचा गोड, उंच गळा आणि मध्ये डेव्हिस यांची घोगरी बडबड. ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

वेल्समध्ये त्यांना आणखी एका कामासाठी जपतात. १९७८ च्या 'ग्रँड स्लॅम' या बीबीसी वेल्सच्या चित्रपटात रग्बीचा सामना बघायला पॅरिसला निघालेल्या वेल्श मंडळींपैकी ते एक होते. १९८१ ते १९९१ अशी दहा वर्षं डोनाल्ड सिंडेन यांच्यासोबत त्यांनी 'नेव्हर द ट्वेन' या मालिकेत जुन्या वस्तूंच्या भांडखोर व्यापाऱ्याचं काम केलं. उतारवयात फ्रान्सला जाऊन राहिले. पत्नी गेल्यावर चार महिन्यांतच, १७ जानेवारी २०१९ ला, ८८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आता गावाचं. देवळाली ही ब्रिटिश फौजेची मुक्कामाची छावणी होती. मुदत संपलेले शिपाई जहाजाची वाट पाहत इथे महिनोन्महिने पडून असत. आजही आमच्याकडे रेस्ट कॅम्प रोड आहे, पण तो कुणाच्या विश्रांतीचा, हे त्यावरून रोज जाणाऱ्या पोरांना माहीत नाही. मालिकेचे लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट दोघेही युद्धकाळात भारतात फौजेत होते. पेरी देवळालीच्याच तोफखान्याच्या कलापथकात होते आणि क्रॉफ्ट यांच्याकडे पुण्यात सैनिकांच्या करमणुकीचं काम होतं. म्हणजे जे पडद्यावर दिसलं त्याची मुळं इथल्याच मातीत आहेत. तरी देवळालीत याची एक पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

या मालिकेची दुसरी बाजू आपल्यापुढे मांडणं मला आवश्यक वाटतं. रंगी राम या भारतीय पात्राचं काम मायकल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा काळवंडून केलं. बेट्स झाशीत जन्मलेले होते, भाषा त्यांना येत होती, पण म्हणून ते योग्य ठरत नाही. इथली माणसं चहावाला, पंखेवाला आणि साहेबाच्या मागे धावणारा नोकर एवढ्यापुरतीच येतात. साडी नेसून किंवा झगा घालून नाचणाऱ्या पथकातल्या पोरांना सार्जंट मेजर जे शब्द वापरतो, ते आज ऐकवत नाहीत. बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवत नाही, हे मला समजतं. पण दाखवणं बंद केल्याने प्रश्न सुटत नाही. ज्यांच्या गावावर ती बेतली, त्यांना ती पाहून आपलं मत सांगण्याचा हक्क आहे. तो हक्क लंडनने किंवा वेल्सची राजधानी कार्डिफने आमच्या वतीने वापरू नये. डेव्हिस यांच्या अभिनयाला दाद देणं आणि त्या लिखाणातला अपमान उघड सांगणं, एकाच दालनात दोन्ही व्हायला हवं.

म्हणून मागणी अशी, की देवळाली कॅम्पमध्ये छावणीच्या इतिहासाचं एक छोटं, कायमस्वरूपी दालन व्हावं. जागा कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतली असणार, म्हणजे संरक्षण मंत्रालयाशी बोलणी आली, आणि ती एखाद्या नागरिकाच्या अर्जाने होत नाहीत, राज्य शासनानेच करावी लागतात. मालिकेतले निवडक तुकडे दाखवण्यासाठी बीबीसीची परवानगी लागेल. वेल्स सरकारने २०२४ हे वर्ष 'वेल्स इन इंडिया' म्हणून साजरं केलं. नांट-अ-मोएलच्या खाणकामगाराची आणि देवळालीची ही गाठ त्यांच्यापुढे मांडली तर ते नाही म्हणतील असं वाटत नाही.

यात एक काम मात्र थांबू शकत नाही. त्या छावणीत धोबी, खानसामे, चहावाले, कंत्राटदार म्हणून राबलेली माणसं इथलीच होती. १९४५ मध्ये जो पंधरा वर्षांचा होता, तो आज नव्वदी कधीच ओलांडून गेला आहे. त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला इमारत लागत नाही, परवानगी लागत नाही. दोन अभ्यासक आणि एक चांगलं रेकॉर्डर पुरे. ते आपल्या विभागाने याच वर्षी सुरू करावं. मालिकेतल्या चहावाल्याला जे बोलू दिलं गेलं नाही, ते खऱ्या चहावाल्याच्या नातवाकडून तरी नोंदवून ठेवता येईल.

या दोन्ही बाबींवर आपल्या विभागाची भूमिका लेखी कळवावी, ही विनंती.

आपला,
देवळाली कॅम्पचा एक रहिवासी