फ्लॅशचे गणित अंतराचे

महोदय,

फिल्मचे छोटे कॅमेरे पुन्हा लोकांच्या हातांत दिसू लागले आहेत, याचा मनापासून आनंद आहे. मात्र रोल धुऊन आला की चेहरे एक तर पिठासारखे पांढरे, नाही तर काळोखात बुडालेले निघतात. मग ‘फ्लॅशने फोटो बिघडतो’ म्हणत तो कायमचा बंद केला जातो. हा फ्लॅशवर अन्याय आहे. बहुतेक वेळा चुकलेले असते ते अंतर.

छोट्या कॅमेऱ्यातला फ्लॅश दुबळा असतो. १०० आयएसओच्या रोलला (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा) त्याचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, साधारण १० ते १२ मीटर धरावा. या आकड्याला ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेड येण्याच्या छिद्राच्या, एफ-आकड्याने भागले की पल्ला मिळतो: एफ/४ असेल तर १२ भागिले ४, म्हणजे ३ मीटर. ४००चा रोल घातला की पल्ला दुप्पट, ६ मीटर. पण झूम पूर्ण लांबवला की ॲपर्चर एफ/८ किंवा त्याहून लहान होते (आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि तोच पल्ला पुन्हा ३ मीटरवर येतो. म्हणून घरात माणसांचे फोटो काढताना झूमला हात लावू नये, दोन पावले पुढे जावे. दीड ते अडीच मीटर हे सर्वांत भरवशाचे अंतर.

अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असेल, तर दोन्ही रांगा नीट येणे शक्यच नाही. सर्वांना कॅमेऱ्याभोवती अर्धवर्तुळात उभे करावे.

अनेक कॅमेऱ्यांत फ्लॅश दर वेळी सारख्याच जोराने पेटतो आणि फोकसने मोजलेल्या अंतरावरून ॲपर्चर ठरते. दोन माणसांच्या मधल्या फटीतून फोकस मागच्या भिंतीवर गेला, तर चेहरे धूसर होतातच, शिवाय पांढरेफटकही पडतात. एकाचा चेहरा मध्यभागी धरून बटण अर्धे दाबावे, ते तसेच ठेवून चौकट जुळवावी आणि मग पूर्ण दाबावे.

माणूस भिंतीला टेकलेला असला की मागे काळी सावली चिकटते. त्याला दीड-दोन मीटर पुढे घ्यावे. कॅमेरा उभा धरताना फ्लॅशची बाजू वर ठेवावी, म्हणजे सावली खाली खांद्यामागे लपते. लाल डोळ्यांचे कारण फ्लॅश आणि लेन्स यांची जवळीक: अंधारात बाहुल्या मोठ्या होतात आणि डोळ्याच्या पडद्यावरून परतलेला उजेड थेट लेन्समध्ये येतो. खोलीतले दिवे लावले, जवळ गेलो आणि नजर किंचित बाजूला ठेवायला सांगितली, तर ते बरेच कमी होतात. चष्मा असल्यास काचेत फ्लॅश चमकू नये म्हणून मान थोडी वळवायला सांगावी.

फ्लॅशचा खरा उपयोग तर उन्हात आहे! सूर्य माणसाच्या पाठीशी असताना, किंवा भर दुपारी भुवयांखाली काळे खड्डे पडतात तेव्हा, फ्लॅश सक्तीने चालू करावा. ऑटोवर तो पेटेलच असे नाही, कारण कॅमेऱ्याच्या लेखी उजेड भरपूर असतो. बरेच कॅमेरे बंद करून उघडले की पुन्हा ऑटोवर जातात. कॅमेऱ्यावरची फ्लॅशची खूण दर वेळी तपासावी.

संध्याकाळी मागचे दिवेही हवे असतील, तर रात्रीचा मोड वापरावा. त्यात शटर बराच वेळ उघडे राहते, म्हणून कॅमेरा कशावर तरी टेकवावा आणि फ्लॅश पडल्यावरही क्षणभर हलू नका, असे समोरच्याला आधीच सांगावे.

फ्लॅश भरल्याचा दिवा लागेपर्यंत थांबावे. त्याला फार वेळ लागू लागला, तर बॅटरी बदलावी. मात्र फ्लॅश बिघडला म्हणून कॅमेरा घरी उघडू नये, ही कळकळीची विनंती. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठतात आणि बॅटरी काढल्यावरही ते तिथेच राहू शकतात.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक