पहिल्या ओळीतलं श्री

स्टुटगार्ट, 12 ऑक्टोबर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा आईशी बोलताना कळलं की बाबा रोज सकाळी चहाबरोबर माझी साइट उघडतात आणि तेच जुनं पान बघून "हल्ली लिहीत नाही ही" असं पुटपुटत मिटतात. बाबा, रोज डोकवायची गरज नाही आता. गेले दोन रविवार खर्ची घालून मी साइटला आरएसएस फीड लावली आहे.

आपल्या वाचनालयाच्या दारात नव्या पुस्तकांचा फळा असतो ना, तसंच हे. फीड म्हणजे एक फाइल: लेखाचं नाव, तारीख, पत्ता आणि मजकूर, यंत्राला वाचता यावं म्हणून एक्सएमएलमध्ये मांडलेलं. तुम्ही मेल बघता ते थंडरबर्डच ती वाचतं. अधूनमधून फळ्यावर नजर टाकून येतं आणि नवं काही असलं की मेलसारखं समोर ठेवतं. कुठे नाव नोंदवायला नको, कुणाच्या जाहिराती नकोत. पद्धत जुनीच आहे. 1999 साली नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी ती सुरू केली. 2013 मध्ये गूगलने आपला रीडर, म्हणजे फीड वाचायचा प्रोग्राम, बंद केला तेव्हा ती संपलीच असं लोक म्हणत होते. पण पॉडकास्ट आजही याच फायलींवर चालतात.

आई, तुला सोऱ्यावरून सांगते. माझे लेख साध्या टेक्स्ट फायलींत असतात. पायथनमधला एक छोटा प्रोग्राम ते घेतो आणि टेम्प्लेटमधून काढतो. टेम्प्लेट म्हणजे सोऱ्याची चकती. पीठ तेच, चकती बदलली की बारीक शेवेऐवजी जाड शेव. (चकलीचं पीठ वेगळं असतं, माहीत आहे!) साइटच्या पानांची चकती होतीच, फीडसाठी दुसरी केली. शेवटचे 15 लेख तिच्यातून जातात. पंचवीसेक ओळींचं काम, जेवायच्या आत उरकेल असं वाटलं होतं.

कसलं उरकतंय! रीडर फाइल उघडायलाच तयार नाही. ओळ न् ओळ तपासली, सगळं जागच्या जागी. तासाभराने लक्षात आलं, टेम्प्लेटच्या डोक्यावर मी 'श्री' लिहिलं होतं. बाबा, तुमचीच सवय. कॉमेंट म्हणून, म्हणजे प्रोग्रामने वगळायची टीप म्हणून लिहिलेलं, त्यामुळे तयार फायलीत अक्षर उतरत नव्हतं, पण त्याची ओळ मात्र उरत होती, रिकामी. आणि एक्सएमएलची घोषणा, म्हणजे 'ही एक्सएमएल फाइल आहे' असं सांगणारी ओळ, फायलीच्या अगदी पहिल्या अक्षरापासून लागते. तिच्याआधी रिकामी ओळसुद्धा चालत नाही. आता श्री सगळ्यात खाली आहे. देव घेईल समजून.

मग तारखा. साइटवर मी हौसेने 'रविवार, 5 ऑक्टोबर' असं मराठीत छापते, तेच फीडमध्येही गेलं. आरएसएसला वार आणि महिना इंग्रजी तीन अक्षरांतच हवा. माझ्या फोनवरच्या रीडरला ते काही उमगेना, त्याने सगळे लेख आजचेच धरले. ते दुरुस्त केलं, पुढे इथल्या घड्याळाचा फरकही लिहिला. तेव्हा एखाद्या लेखावर रात्री दीडची वेळ दिसली तर जागरण करते म्हणून ओरडू नका, इथे तेव्हा दहाच वाजलेले असतात.

बाबा, एक घोळ तुमच्यामुळेही झाला. तुम्ही 'कोशींबीर'मधला दीर्घ काढायला लावलात. शीर्षकावरूनच पानाचा पत्ता बनतो आणि तोच पत्ता मी लेखाची ओळख म्हणून फीडमध्ये दिला होता. वेलांटी बदलली, ओळख बदलली, आणि रीडरने तोच लेख नवा म्हणून पुन्हा समोर ठेवला. आता प्रत्येक लेखाला लिहितानाच एक क्रमांक देते, तो कायम तोच राहतो. तुम्ही खुशाल शुद्धलेखन तपासा.

थंडरबर्डमध्ये फीडचं वेगळं खातं जोडावं लागेल, ते रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवते. मजकूर पूर्ण टाकला आहे, आईला अर्ध्यावर 'पुढे वाचा' दाबावं लागणार नाही.

आई, भाजणीचं प्रमाण तेवढं कळव. मागच्या वर्षीच्या चकल्या तेलात विरघळल्या होत्या.

तुमची,
चिमी