मालवणच्या दादांस, एका रिकाम्या हाऊसिंगबद्दल

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

आपल्यासमोर आभाराचा शब्द काढला की आपण लगेच डायव्हिंगच्या टाक्या मोजायला उठून जाता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. आपले नाव मुद्दाम घातलेले नाही. मालवणच्या जेटीवर ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच, आणि इतरांना आपण काय केलेत एवढे कळले तरी पुरे.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्री गोगलगायी, प्रवाळ, त्यांच्या आडोशाने राहणारे लहान मासे हे सारे परदेशी पुस्तकांतल्या चित्रांवरून शिकवायचे आणि आपल्याच किनाऱ्यावर 1987 साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य मात्र विद्यार्थ्यांनी नकाशावरच्या ठिपक्यापुरते पाहायचे, याची मला वर्षानुवर्षे खंत होती. म्हणून डायव्हिंग शिकले आणि छोटासा कॅमेरा घेतला. तो ऑलिंपसचा टफ टीजी-6 होता. आता त्याला पाण्याखाली नेण्यासाठी हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीची जलरोधक पेटी, आणि दिवा हवा होता, आणि इथून पुढे माझी जी फरफट झाली तिचा थोडा हिशेब आधी मांडते, कारण त्याशिवाय आपल्या वागण्याचे मोल वाचणाऱ्यांना कळणार नाही.

शहरातल्या एका मोठ्या दुकानात मला सांगण्यात आले की हा कॅमेरा मुळातच जलरोधक आहे, हाऊसिंग म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कॅमेऱ्याची स्वतःची खोलीची मर्यादा 15 मीटर आहे आणि माझ्या डायव्हिंगच्या प्रमाणपत्राची 18, एवढी साधी वजाबाकी त्या काउंटरवर कोणी केली नाही. दुसऱ्या दुकानातले गृहस्थ याच्या अगदी उलट टोकाचे. त्यांनी साठ मीटरचे धातूचे अवजड हाऊसिंग आणि हजारो लुमेनचे (लुमेन म्हणजे प्रकाशाचे माप) दोन व्हिडिओ लाइट यांचा आकडा कॅल्क्युलेटरवर मांडून माझ्यापुढे सरकवला. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादाच 40 मीटर आहे, तेव्हा उरलेले वीस मीटर कशासाठी, असे विचारल्यावर ‘मॅडम, पुढेमागे उपयोगी पडेल’ हे उत्तर मिळाले. पाणी कुठले, फोटो कशाचे, बरोबर कोण असणार, यांतला एकही प्रश्न दोघांपैकी कोणी विचारला नाही. शेवटी पुण्यातल्या एका डायव्हरने विकायला काढलेले, कंपनीचेच पीटी-059 हे जुने हाऊसिंग मी घेतले आणि त्याची पिशवी घेऊन आपल्याकडे आले, ती खरे सांगायचे तर कुणावरच विश्वास न ठेवण्याच्या तयारीने.

आपण पिशवीला हात लावला नाहीत. कशाचे फोटो काढायचेत, एवढेच विचारलेत. बोटाच्या पेरापेक्षा लहान प्राण्यांचे, असे मी म्हटले आणि पुढच्या साऱ्या निवडी त्या एका उत्तरातून सरळ उलगडत गेल्या. हा कॅमेरा भिंगापासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या वस्तूवर फोकस करतो, तेव्हा वाइड लेन्सवर आज पैसे घालू नयेत. एकच स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा वेगळा फ्लॅश, पुरेसा आहे, पण तो लांब आर्मवर, म्हणजे दांड्यावर, हवा. हाऊसिंगला फायबर ऑप्टिक केबल लावण्याची सोय आहे, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश चमकला की त्याच्या इशाऱ्यावर स्ट्रोब पेटेल. लुमेनचे आकडे चलच्चित्रणासाठी ठीक. स्थिर फोटोला क्षणभराचा पण कितीतरी प्रखर झोत लागतो आणि तो हालचालही गोठवतो. फोकससाठी साधी टॉर्च बास. माझ्या यादीतल्या निम्म्या वस्तूंवर आपण काट मारलीत, आणि त्यांतल्या काही वस्तू आपल्याच ओळखीच्या विक्रेत्याकडे मिळतात हे मला नंतर इतरांकडून कळले.

मात्र ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे ती याच्या पुढची आहे. सकाळी बोट सुटायच्या वेळी मी कॅमेरा हाऊसिंगमध्ये बसवायला घेतला तेव्हा आपण तो माझ्या हातातून काढून टॉवेलवर ठेवलात आणि म्हणालात, ‘कॅमेरो हयच ऱ्हवांदे, आदी रिकामी पेटी खाली जावंदे.’ मग दाराची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, काढून ती दोन बोटांच्या चिमटीतून हळूहळू फिरवलीत, खोबणीत कापडाची कड फिरवलीत, आणि ग्रीसचा इतका थोडा अंश लावलात की रिंग ओली दिसावी, चिकट लागू नये. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण, एवढेच बोललात. एक टिश्यू पेपर चौपदरी घडी करून आत ठेवलात, दार बंद केलेत, आणि ती रिकामी पेटी स्वतःच्या बीसीडीच्या, म्हणजे डायव्हिंगच्या हवा भरायच्या जाकिटाच्या, कडीला अडकवून पर्यटकांच्या तुकडीबरोबर पाण्यात उतरलात. तो आपल्या कामाचा दिवस होता. अंगावर नवखी माणसे होती, त्यांत एकजण घाबरलेला होता, आणि तरीही एका अनोळखी बाईच्या जुन्या हाऊसिंगची काळजी आपण कमरेला लटकवून घेतलीत.

वर आल्यावर मला घाई झाली होती, आपल्याला नव्हती. पेटी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून प्रत्येक बटण दाबत राहिलात, म्हणजे दांड्यांच्या कडेला बसलेले मीठ निघून जावे. मग आधी केस, नंतर चेहरा, शेवटी हात कोपरापर्यंत पुसलेत. दार जमिनीकडे करून उघडलेत, म्हणजे फटीत अडकलेले थेंब आत न जाता खाली पडावेत. टिश्यू माझ्या तळहातावर ठेवलात. तो कोरडा होता, घडीच्या कडा जशाच्या तशा. मी तो अजून टाकलेला नाही, याचे आपल्याला हसू येईल, येऊ दे.

दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो, हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. पण वाढता दाब दाराला आतल्या बाजूला रेटून रिंग अधिकच घट्ट बसवतो, आणि म्हणून हाऊसिंग गळायचे असेल तर पुष्कळदा अगदी वरच, बोटीवरून उडी मारताना किंवा धुवायच्या टबात, जिथे दाब जवळजवळ नसतो तिथेच गळते, हे मला आपल्याकडून कळले. दुकानातल्या साठ मीटरच्या बढाईचा फोलपणाही तेव्हाच ध्यानात आला. कॅमेरा वाचवायचा तो पहिल्या अर्ध्या मीटरात, आणि तिथे एखादा केस किंवा वाळूचा कण किती मजबूत धातूला हार मानायला लावतो हे बिलावर लिहिलेले नसते.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा आत गेला. कोकणातली दमट हवा आत कोंडली गेली तर थंड पाण्यात काच धुरकटते, म्हणून तो पहाटेच एसीच्या खोलीत, सिलिका जेलच्या पुडीसह बंद करायला आपण सांगितले होते, आणि काच शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. मालवणचे पाणी हिरवट आणि गाळाचे. पहिल्या फोटोंत पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता पाऊस होता. आपण न बोलता (तिथे बोलणार तरी कसे) स्ट्रोबचा आर्म वीतभर बाहेर ढकललात आणि त्याचे तोंड किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेत. आता कॅमेरा आणि प्राणी यांच्यामधल्या पाण्यावर प्रकाश पडत नव्हता, त्यामुळे तिथला गाळ काळोखातच राहिला, आणि झोताची फक्त कड त्या गोगलगायीला स्पर्शून गेली. पाच-सात मीटरांवर लाल रंग जवळजवळ संपलेला असतो, त्यामुळे डोळ्यांना ती मळकट राखाडी दिसत होती; मागच्या पडद्यावर ती शेंदरी निघाली. मी आणखी जवळ जाण्यासाठी प्रवाळावर हात टेकवणार तोच आपण माझे मनगट धरलेत. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत, पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहेत हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. आपण ते शिकवत नाही, पाळता.

सज्जनपणाबद्दल लिहायचे तर मोठमोठ्या त्यागाच्या गोष्टी आठवल्या जातात. माझ्या अनुभवात तो बहुधा असाच असतो: ज्याला काही विकायचे आहे त्याने ‘हे घेऊ नका’ म्हणणे, आणि ज्याचा काही संबंध नाही त्याने दुसऱ्याच्या वस्तूसाठी हात कोरडे होईपर्यंत थांबणे. ज्या दोन दुकानांत मला माणूस म्हणून कुणी पाहिले नाही, तिथले लोकही वाईट नसतील. पण त्यांनी माझा खिसा पाहिला आणि आपण माझा प्रश्न पाहिलात.

आता एक कामाची गोष्ट. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की हाऊसिंगची ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवायची आणि दार कडी न लावता राहू द्यायचे, ही आपली सूचना मी पाळली आहे. रिंग वर्षाला बदलावी लागते आणि त्या मॉडेलची मालवणात मिळत नाही, असे आपण बोलता बोलता म्हणाला होतात. मुंबईहून मी दोन मागवल्या. एक माझी, दुसरी, त्याच कंपनीच्या ग्रीसच्या नळीसह, कुरियरने आपल्या पत्त्यावर निघाली आहे, आपल्या फळीवरच्या त्याच मॉडेलच्या जुन्या पेटीसाठी. मी दिलेले पैसे आपण परत केले होतेत, हे पार्सल कृपया परत करू नये.

आपली कृतज्ञ,
टिश्यूवाली बाई