पहिल्या दिवसाचा कागद

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

तपासाचं काम हाती आलं म्हणालीस, तेव्हापासून सिडनीची दोन प्रकरणं तुला लिहायचं मनात होतं.

डिसेंबर 1988. नॉर्थ हेडच्या कड्याखाली स्कॉट जॉन्सन या 27 वर्षांच्या अमेरिकी गणितज्ञाचा मृतदेह सापडला. कपडे वर, कड्यावर, नीट घडी घालून ठेवलेले. तेवढ्यावर पोलिसांनी ठरवून टाकलं: आत्महत्या. ती जागा समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींची, पण त्या अंगाने कुणी खोलात गेलं नाही. 1989च्या चौकशीनेही त्यावरच शिक्का मारला. भाऊ पिच्छा सोडेना, म्हणून 2017मध्ये तिसरी चौकशी 'हल्ल्यामुळे किंवा हल्ल्याच्या धाकाने पडला' इथवर आली. 2020मध्ये अटक झाली, 2023मध्ये सदोष मनुष्यवधासाठी 9 वर्षांची शिक्षा. जवळपास 35 वर्षांनी! भाऊ चिवट नसता तर तेवढीही नाही.

दुसरं 1989चं, बाँडायचं. मार्क्स पार्कच्या कड्याखाली सापडलेल्या जॉन रसेलच्या हाताला केस चिकटलेले होते. कुणाचे? ते तपासता आलंच नाही, पोलिसांकडूनच गहाळ झाले. 2005मध्ये कोरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, हा खून असल्याचं सांगितलं. पण केस आणायचे कुठून?

लोक कोर्टाला बोल लावतात. मला विचारशील तर ही प्रकरणं कोर्टाची पायरी चढायच्या आधीच बुडाली होती, पहिल्या दिवशीच्या कागदावर. कोर्टही धुतल्या तांदळासारखं नव्हतं म्हणा. 'त्याने लगट केली, माझं डोकं फिरलं' ही सबब खुनाचा मनुष्यवध करून घ्यायला तिथे चालायची. न्यू साउथ वेल्सने, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे त्याने, ती वाट 2014मध्ये बंद केली.

मार खाऊन वाचलेलेही होते. पण पोलिसांकडे जाणार कसे? 1984पर्यंत तिथे समलिंगी संबंधच गुन्हा होते, आणि कायदा बदलला तरी ती धास्ती मनातून गेली नव्हती. फिर्याद द्यायला जावं आणि आपणच आरोपी व्हावं! मारणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

तुझ्यासमोरही असा कुणी येईल. 'रात्री तिथे काय करत होतास?' असं सुरुवातीलाच विचारू नकोस, तो उठून जाईल. आधी जखमा नोंदव, कपडे सीलबंद कर, मोबाइलमधले मेसेज पुसले जायच्या आत जपून ठेव. आणि त्याला विचारल्याशिवाय घरी फोन लावू नकोस. घरी कळेल या धास्तीनेच कितीतरी जण जबाब फिरवतात.

तुझे,
बाबा