आम्हाला मे महिना द्या : तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

नमस्कार साहेब,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवते, बारा वर्षं झाली. सातव्या सेमिस्टरला आमच्याकडे एक इलेक्टिव्ह आहे, 'एकात्मिक आणि शाश्वत जलसंपत्ती व्यवस्थापन'. नाव एवढं लांब की मुलं वहीवर नुसतं 'वॉटर' लिहितात. हा विषय जुलैत सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो. म्हणजे बाहेर धो धो पाऊस, वर्गात कोपऱ्यातल्या बादलीत टपटप चालू, आणि मी फळ्यावर लिहितेय 'पाणीटंचाईची कारणे'. मुलं हसतात, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू येतं. मे महिन्यात त्याच मुलांच्या वाडीत टँकर येतो, पण तेव्हा कॉलेजात एकतर परीक्षा असते नाहीतर सुट्टी.

तर साहेब, मागणी एकच आहे, आम्हाला मे महिना द्या. बाकी पुढे लिहिलंय ते हे मागणं कशासाठी एवढंच.

पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जातं हे काढायचं एक सूत्र आमच्या पोरांना पाठ असतं, इंग्लिस आणि डिसूझा या दोघांनी १९२९ साली पश्चिम भारतातल्या नद्यांची मोजमापं घेऊन काढलेलं. घाटाकडच्या भागासाठी पावसाला ०.८५ ने गुणायचं आणि त्यातून ३०.५ वजा करायचे, सगळं सेंटिमीटरमध्ये. आमच्याकडे ३०० सेंटिमीटर पाऊस धरला तर उत्तर येतं २२४.५. म्हणजे तीन मीटर पडलं त्यातलं सव्वादोन मीटर पाणी वरच्यावर वाहून गेलं. पाच मार्क, बरोबर, पुढचा प्रश्न. आता हे सूत्र जुनं आहे, ढोबळ आहे, सगळं मान्य, पण बारा वर्षांत एकाही पोराने हात वर करून विचारलं नाही की मॅडम, उरलेलं पाऊण मीटर मग मेपर्यंत का पुरत नाही. विचारणार कसं, तो प्रश्न जुलैत पडतच नाही.

दोन वर्षांपूर्वी मी सहा मुलांना घेऊन मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका वाडीवर गेले. कॉलेजची परवानगी नव्हती, म्हणजे नाही असं कोणी म्हणालं नाही, पण 'सुट्टीत काय झालं तर जबाबदार कोण' या वाक्यावर फाईल थांबली, मग आम्ही आपले एसटीने गेलो. चाळीस घरं, सगळी उतारावर. नळपाणी योजनेची नवीकोरी टाकी, निळा रंग, त्यावर माणशी रोज ५५ लिटरचा आकडा रंगवलेला. नळाच्या खांबाला कोणीतरी शेरडू बांधलं होतं. टाकीला पाणी ज्या विहिरीतून यायचं तिच्यात आमच्या एका मुलीने टेपला दगड बांधून सोडला, तळाशी जेमतेम वीतभर पाणी. एक आजी आत उतरून करवंटीने हंडा भरत होती. हो, करवंटीने, कळशी बुडेल एवढं पाणी नव्हतंच. पंधरा लिटरचा हंडा भरायला पंचवीस मिनिटं, आम्ही मोबाईलवर टायमर लावला होता. त्या मुलीने तिथेच पायरीवर बसून हिशोब केला. मिनिटाला ०.६ लिटर, दिवसाला ८६४ लिटर, भागिले ५५. पंधरा माणसं! तेही रात्रभर कोणीतरी विहिरीत बसून राहिलं तर.

मग तिने सरपंचांकडून योजनेचा कागद मागून घेतला. विहिरीचं पाणी किती येतं याची चाचणी झाली होती, रीतसर, सही शिक्क्यानिशी. महिना नोव्हेंबर. ती माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम, आपल्या सेमिस्टरमध्येच केलीय. मी काय बोलणार. ज्या कोणी ती चाचणी केली तो इंजिनिअर माझ्यासारख्याच कोणाच्या तरी वर्गात शिकला असणार ना.

आजी वर आल्यावर बोलायला लागली. "बाय, हय वरचा पऱ्या शिमग्यापर्यंत वाहायचा. सड्यावर चिरेखाण आली नि आटला." आता हे वाक्य समजून घ्यायला आमचं अख्खं पुस्तक लागतं. पऱ्या म्हणजे ओहोळ, चिरेखाण म्हणजे बांधकामाचा जांभा दगड काढायची खाण, सडा म्हणजे वरचं जांभ्याचं पठार, जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून झिरपून खाली जातं, तळाला चिकट मातीचा थर लागला की अडतं आणि उताराला झऱ्यासारखं बाहेर पडतं, विहिरी चालतात त्या त्याच्यावर. जांभा तोडून गाड्या भरून नेला की पाणी धरून ठेवणारी जागाच गेली. पाण्यावरची आंतरराष्ट्रीय डबलिन परिषद, १९९२, तिसरं तत्त्व, पाण्याच्या व्यवस्थापनात स्त्रियांचा वाटा मध्यवर्ती. हे चार मार्कांना दरवर्षी येतं आणि सगळी मुलं अचूक लिहितात. त्या सहा जणांनी ते तत्त्व पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी, तेही विहिरीच्या काठावर ओल्या पदराने तोंड पुसणाऱ्या बाईकडून.

आणि बघा, चिरेखाणीची परवानगी महसूलची, विहीर जिल्हा परिषदेची, भूजलाची पातळी भूजल सर्वेक्षणाची, छोटे बंधारे जलसंधारणाचे, धरण जलसंपदाचं, खाली खाडीला पोचलं की खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेली खारबंदिस्ती खारभूमीची. आमच्या जिल्ह्यातल्या नद्या सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत सरळ मोजल्या तर साठ-सत्तर किलोमीटर, त्यात एवढी कार्यालयं. एकात्मिक म्हणजे काय हे वेगळं शिकवायची गरजच नाही, पोराला एका नदीसोबत वरून खालपर्यंत चालवा, प्रत्येक ऑफिसात एकेक आकडा मागायला लावा, मग बरोबर कळतं त्याला.

कायद्यात हे सगळं आहे बरं का. राज्याने २००५ सालीच जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, त्यात एकात्मिक राज्य जल आराखड्याची तरतूद आहे, खोऱ्याप्रमाणे विचार करायचा वगैरे. कागद चांगलाय. तो चालवायला माणसं कुठून येणार हा प्रश्न मात्र तुमच्या खात्याचा आहे.

चिपळूणचंच घ्या. कोयनेची वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी पोफळीकडून वाशिष्ठी नदीला येतं, कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला वळवायला दिलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. तेवढं पाणी आमच्या दारातून दाभोळच्या खाडीत जातं आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात वाड्यांना टँकर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा भरती, गाळ, घाटातला पाऊस, वरून येणारं पाणी, नदीत घुसलेली बांधकामं, सगळ्यांवर बोट दाखवून झालं. त्याच्या दोन वर्षं आधी, २ जुलै २०१९ ला, तिवरे धरण फुटलं, वीसेक माणसं गेली, आणि कारण म्हणून खेकड्यांचं नाव पुढे आलं. तेव्हा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये त्यावर जोक झाले. मी पण हसले असेन. पण नंतर वाटलं, मातीच्या धरणातून गळती कशी वाढत जाते हे आम्ही तिसऱ्या वर्षाला शिकवतो, आणि इथून एसटीने जाता येईल अशा धरणावर आम्ही मुलांना एकदाही नेलं नव्हतं.

अजून एक. भाषणात 'कोकणातलं समुद्राला वाया जाणारं पाणी' असं म्हणतात ना, तेव्हा माझ्या वर्गातली दाभोळ-दापोलीकडची पोरं गप्प बसतात. खाडीत गोडं पाणी आलं नाही तर मासळी कुठून येणार हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. किनाऱ्यावरच्या बोअरचंही तसंच, समुद्रसपाटीच्या वर असलेली गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली की खालची खाऱ्या पाण्याची सीमा ढोबळमानाने चाळीस मीटर वर येते, म्हणून गावंच्या गावं मचूळ पाणी पितात. हे पण पाच मार्कांना आहे.

आपल्याकडे जुनं शिकण्यासारखं काय कमी नाही. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० चा, मातीचा बांध, अजून पाणी धरून आहे, २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण विजय बंधारा आहे, दगड आणि प्लॅस्टिकचा, गावकरी स्वतः घालू शकतात. आमची एनएसएसची मुलं डिसेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारे घालतात, बॅनर, फोटो, वडापाव. मार्चमध्ये त्यात पाणी आहे का बघायला कोणी जात नाही, कारण मार्चमध्ये इंटर्नल असतात.

आता मागणं. वॉटरचा हा विषय सातव्या सेमिस्टरला फक्त थिअरी म्हणून न ठेवता सहाव्याच्या शेवटी, मे महिन्यात, तीन आठवड्यांचं फील्डवर्क म्हणून जोडा, क्रेडिट द्या, म्हणजे परवानगी आणि विमा दोन्ही आपोआप सुटतील. प्रत्येक कॉलेजला जवळची एक नदी द्या, दरवर्षी तीच, म्हणजे दहा वर्षांनी तरी मे महिन्यातले दहा आकडे हातात असतील. त्याला काही नाव द्यायची घाई करू नका, नाव दिलं की लोगो येतो, लोगो आला की उद्घाटन. आणि बाकीच्या खात्यांना एक पत्र तुमच्या सहीने जाऊ दे, की पावसाचे, नदीचे, विहिरींचे आकडे कॉलेजने मागितले तर द्यावेत. मी एका आकड्यासाठी तीन टेबलं आणि चार महिने फिरलेय, शेवटी तिथल्या शिपायाने सांगितलं की रजिस्टर पावसात भिजलं.

उन्हाची काळजी करू नका, पोरं इथलीच आहेत, सकाळी सातला गेलं की अकराला परत.

ती मुलगी पास होऊन पुण्याला नोकरीला गेली, पण तिचा टेप माझ्याकडे ठेवून गेली. गेल्या मेमध्ये मी पुन्हा मोजलं, हंड्याला सत्तावीस मिनिटं. या मेला परत जायचंय, एसटीचं भाडं मुलांचं निम्मं, माझं निम्मं. परवानगीचं तेवढं तुम्ही बघा.

आपली,
सिव्हिलची एक मास्तरीण